रंग गेला कुठे?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीच्या दोन मुलांनी कापड रंगवण्याच्या कारखान्यातील सांडपाण्याचे शुद्धीकरण मांडले होते. एका बरणीत गडद रंगाचे पाणी होते. दुसऱ्या बरणीत तेच पाणी, पण विरंजक चूर्ण, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, टाकून जवळजवळ स्वच्छ झालेले. मांडणी नेटकी होती, मुले धीटपणे बोलत होती. आम्ही पहिला क्रमांक दिला. निघताना गर्दीतली एक मुलगी पुढे आली. ती स्पर्धक नव्हती. तिने विचारले, ''सर, पण रंग गेला कुठे?'' आम्ही घाईत होतो. ''नाहीसा झाला,'' असे सांगून जेवायला गेलो.

द्रव्य नष्ट होत नाही, हे आपण शाळेतच शिकवतो. तेव्हा ते उत्तर चुकीचे होते, आणि बहुधा पहिला क्रमांकही घाईने दिला गेला होता. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायला हवे होते ते उत्तर आहे.

प्रश्न केवळ प्रदर्शनातला नाही. जिथे कापड रंगवले जाते तिथल्या ओढ्याचे पाणी आज लाल, उद्या निळे दिसते. इचलकरंजी किंवा सोलापूर भागातील शिक्षकांना हे सांगण्याची गरज नाही. अशा पाण्यावर काही प्रक्रिया केली आणि ते रंगहीन झाले, की पाहणाऱ्याचे समाधान होते. आपण डोळ्यांवर फार विसंबतो. पाण्यात विरघळलेल्या बहुतेक घातक पदार्थांना मात्र रंग नसतोच.

रंगद्रव्याच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते. ती दृश्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते, म्हणून आपल्याला रंग दिसतो. ही साखळी एका जागी तुटली तरी पुरते. रेणूचा बाकीचा सांगाडा जागच्या जागी असतो, पण रंग जातो. चाळीस खोल्यांच्या वाड्याच्या दर्शनी दरवाजावरची पाटी काढली म्हणून वाडा पडला असे होत नाही, तसेच हे. विरंजक चूर्णाने मुख्यतः ही पाटी निघते. मागे उरतात ते रंगहीन तुकडे, आणि त्यांतील काहींना क्लोरिनचे अणू चिकटलेले असतात. क्लोरिनयुक्त सेंद्रिय पदार्थ जीवाणूंना सहजासहजी पचत नाहीत.

कापड उद्योगात वापरल्या जाणाऱ्या रंगांपैकी मोठा वर्ग 'ॲझो' रंगांचा आहे. त्यांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध असतो. नाल्याच्या तळाच्या गाळात ऑक्सिजन नसतो. तिथले जीवाणू हा बंध तोडतात आणि रंग जातो, पण तयार होतात ती ॲरोमॅटिक अमाइने. काँगो रेड हा सुंदर लाल रंग असा तुटला की त्यातून बेंझिडीन निघते, आणि ते माणसात मूत्राशयाचा कर्करोग घडवते हे निश्चित माहीत आहे. म्हणजे इथे पाणी रंगहीन होताना जास्त घातक झाले. अशी अमाइने देणाऱ्या अनेक रंगांवर जर्मनीने आणि पाठोपाठ भारतानेही १९९० च्या दशकात बंदी घातली, ती याच कारणासाठी.

एक निळी बाटली

रंग जाणे आणि रेणू मोडणे यांतला फरक वर्गात दाखवायला एक जुना, खात्रीचा प्रयोग आहे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेशी रंगवायला मिथिलीन ब्लू असते, ते घ्या. २५० मिलिलिटरच्या चंबूत १०० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात सुमारे ३ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा. पाणी तापेल, ते निवल्यावर ३ ग्रॅम ग्लुकोज घाला आणि मिथिलीन ब्लूच्या विरल द्रावणाचे काही थेंब टाका. चंबूला रबरी बूच बसवून तो स्थिर ठेवा. थोड्या वेळात निळा रंग पूर्ण जातो. आता बूच घट्ट धरून चंबू जोरात हलवा. पाणी पुन्हा निळे! ठेवले की रंगहीन, हलवले की निळे, असे कितीतरी वेळा करता येते. (कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. हा प्रयोग शिक्षकांनीच करावा, चष्मा लावून, आणि अंगठ्याने चंबूचे तोंड दाबण्याचा मोह टाळून.)

इथे ग्लुकोजने रंगद्रव्याचे क्षपण केले, म्हणून रंग गेला. हलवल्यावर हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळला, त्याने ऑक्सिडीकरण केले, रंग परत आला. रेणू सबंध वेळ शाबूत होता. ''रंग गेला कुठे?'' याला या चंबूपुरते उत्तर आहे: कुठेच नाही, तो वेष पालटून तिथेच बसला आहे.

हलवणे, बदलणे, जाळणे

पाण्यातील रासायनिक प्रदूषक 'काढून टाकणे' या एकाच शब्दप्रयोगाखाली आपण तीन अगदी वेगळ्या गोष्टी झाकतो. पहिली, हलवणे. कार्यकारी कोळसा प्रदूषक धरून ठेवतो, तुरटीने तो गाळात बसतो, उलट परासरणाच्या यंत्रात एका नळीतून शुद्ध पाणी आणि दुसरीतून अधिकच खारट, अधिकच दूषित पाणी बाहेर पडते. प्रदूषकाने फक्त जागा बदलली. घरातला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात टाकून घर स्वच्छ झाले म्हणण्यासारखेच हे आहे, पण अनेकदा दुसरा इलाज नसतो, हेही खरे. दुसरी गोष्ट, बदलणे. त्याची उदाहरणे वर आलीच. तिसरी गोष्ट म्हणजे रेणू शेवटपर्यंत मोडणे: कार्बनचा कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजनचे पाणी, गंधकाचे सल्फेट, नायट्रोजनचे नायट्रेट किंवा अमोनियम. हे म्हणजे ज्वलनच. फक्त ते पाण्यात व्हायला हवे, आणि तेही आगीशिवाय.

मिथिलीन ब्लूचेच उदाहरण घेऊ. त्याच्या रेणूत कार्बनचे १६, हायड्रोजनचे १८, नायट्रोजनचे ३ आणि गंधक व क्लोरिनचा प्रत्येकी एक अणू असतो. तो पूर्ण जाळायचा, तर दोन रेणूंना ऑक्सिजनचे ५१ रेणू लागतात. विद्यार्थ्यांकडून हे समीकरण जुळवून घ्या. कंटाळवाण्या समीकरणांपेक्षा यात गंमत आहे. वजनात सांगायचे तर १ मिलिग्रॅम रंगाला सुमारे २.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन. उन्हाळ्यात १ लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे बंद बाटलीत लिटरभर पाण्यात ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त रंग जळूच शकणार नाही, उत्प्रेरक कितीही चांगला असो. हे गणित पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

पण ऑक्सिजन तर पाण्यात आहेच, मग रंग आपोआप का जळत नाही? ज्या कारणाने लाकूड हवेत आपोआप पेटत नाही, त्याच कारणाने. सुरुवातीला ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. आगीत उष्णता तो ओलांडून देते. पाण्यात ते काम करू शकतील असे काही उत्प्रेरक आपल्या पायाखालच्या खनिजांत सापडतात.

हिराकस आणि गंज

केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवले की टार्टारिक आम्लात हायड्रोजन पेरॉक्साइड घातले तर फारसे काही होत नाही, पण फेरस क्षाराची चिमूट टाकताच आम्लाचे झपाट्याने ऑक्सिडीकरण होते. असे का होते याचा उलगडा १९३० च्या दशकात अमोनियाच्या संश्लेषणासाठी प्रसिद्ध असलेले फ्रिट्झ हाबर आणि जोसेफ वाइस यांनी सुचवला. लोह पेरॉक्साइडचा रेणू तोडते आणि त्यातून 'हायड्रॉक्सिल मूलक' बाहेर पडतो: एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन, आणि जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन. जोडीदार मिळवण्यासाठी तो समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. ऑक्सिडीकारकांमध्ये फ्लोरिनच्या खालोखाल त्याचा क्रमांक लागतो. क्लोरिन आणि ओझोन दोघेही त्याच्यापुढे फिके. तो जगतो मात्र सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता. म्हणून तो बाटलीत भरून विकता येत नाही. जिथे हवा तिथेच, हवा तेव्हाच तयार करावा लागतो.

हे शाळेत पाहता येते. मिथिलीन ब्लूच्या फिकट निळ्या द्रावणात सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब आणि औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड थोडेसे घाला. रंग तसाच राहतो. आता हिराकसाची, म्हणजे फेरस सल्फेटची, चिमूट टाका. काही मिनिटांत रंग उतरू लागतो, आणि हलवला तरी परत येत नाही. हिराकस हिरवट असावा; हवेने तपकिरी पडलेला जुना हिराकस फार मंद चालतो.

हिराकसाची अडचण अशी की तो पाण्यात विरघळतो. तो नीट चालतो तोही आम्लधर्मी पाण्यात, साधारणपणे सामू ३ च्या आसपास. काम झाल्यावर पाणी उदासीन केले की सगळे लोह लालसर चिखल होऊन खाली बसते. त्या चिखलाचे करायचे काय, हा नवा प्रश्न. म्हणून संशोधकांचे लक्ष लोहाच्या घन खनिजांकडे गेले: गोएथाइट, मॅग्नेटाइट, पायराइट. जुन्या खिळ्यांवरच्या गंजातही गोएथाइट असतो. घन खनिजाच्या पृष्ठभागावर क्रिया होते, पाणी ओतून घेतले की खनिज तळाशी राहते आणि पुन्हा वापरता येते. वेग मात्र बराच कमी. वरच्या प्रयोगात हिराकसाऐवजी गंजाची बारीक पूड वापरून पाहा आणि मुलांना वाट पाहायला लावा.

काळी वाळू, पांढरी पूड

फेंटनच्या कृतीत पेरॉक्साइड खर्च होते, आणि ते विकत घ्यावे लागते. हवेतला ऑक्सिजन आणि ऊन, एवढ्यावरच हे ज्वलन चालवता आले तर? ते टायटॅनियम डायऑक्साइड करून दाखवते.

या धातूशी कोकणाचा थेट संबंध आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या काही किनाऱ्यांवर ओहोटीनंतर काळ्या, जड वाळूचे पट्टे दिसतात. त्यात इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियमचे ऑक्साइड असते. टायटॅनियमचा शोधही अशाच वाळूतून लागला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील पाद्री विल्यम ग्रेगर यांनी १७९१ मध्ये तिथल्या एका ओढ्यातल्या काळ्या वाळूत हे नवे मूलद्रव्य ओळखले. इल्मेनाइटमधून लोह काढून टाकले की पांढरे शुभ्र टायटॅनियम डायऑक्साइड मिळते. भिंतीच्या रंगापासून कागदापर्यंत जिथे जिथे पांढरेपणा हवा तिथे ते असते. निसर्गात ते ॲनाटेज, रुटाइल आणि ब्रुकाइट अशा तीन खनिजांच्या रूपात आढळते. रासायनिक सूत्र एकच, अणूंची रचना वेगळी.

रंग बनवणाऱ्यांना या पुडीचा एक दुर्गुण फार पूर्वीपासून माहीत होता. उन्हात राहिलेल्या पांढऱ्या भिंतीवर हात फिरवला की हाताला खडूसारखी पूड लागते. प्रकाशात टायटॅनियम डायऑक्साइड रंगातल्या बांधून ठेवणाऱ्या सेंद्रिय पदार्थालाच हळूहळू जाळते, आणि मोकळी झालेली पूड हाताला लागते. उद्योगाच्या दृष्टीने ही खोड होती. तीच पुढे गुण ठरली.

१९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी 'नेचर' नियतकालिकात एक लहानसा लेख लिहिला. रुटाइलच्या स्फटिकावर प्रकाश पाडला असता पाण्याचे विघटन होते, असे त्यांनी दाखवले होते. पुढच्याच वर्षी तेलसंकट आले आणि पाण्यापासून हायड्रोजन इंधन मिळवण्याच्या आशेने जगभर या पुडीवर काम सुरू झाले. इंधन काही फारसे मिळाले नाही. पण १९७६ मध्ये कॅनडात जॉन कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की हीच पूड पाण्यातील पीसीबी या चिवट प्रदूषकातला क्लोरिन सोडवते. १९७७ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन फ्रँक आणि ॲलन बार्ड यांनी पाण्यातील सायनाइड असे नष्ट करता येते हे दाखवले. शोध लागला एका कामासाठी आणि उपयोगी पडला दुसऱ्या, असे विज्ञानात पुष्कळदा घडते.

हे घडते कसे? टायटॅनियम डायऑक्साइड अर्धवाहक आहे. त्यातले इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापटात बसलेले असतात; वरचा पट रिकामा असतो; मध्ये दरी. ॲनाटेजमध्ये ही दरी ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची असते. ती एका उडीत पार करावी लागते. एके काळी रेल्वे स्थानकांवर रंगीत दिवे लावलेली वजनाची यंत्रे असत. त्यांत रुपयाचे नाणे टाकले की तिकीट बाहेर येई. पन्नास पैशांची दोन नाणी टाकून काही होत नसे. तसेच इथे. प्रकाशाच्या एकाच कणाजवळ पुरेशी ऊर्जा हवी. १२४० ला ३.२ ने भागले की ३८७ येतात: म्हणजे ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीचा, अतिनील प्रकाश हवा. पिवळा, तांबडा प्रकाश कितीही ओतला तरी यंत्र हलत नाही.

पुरेशा ऊर्जेचा कण आला की इलेक्ट्रॉन वर उडी घेतो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे 'विवर', उरते. विवर पाण्याकडून किंवा हायड्रॉक्साइडकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते, आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. हाच तो फेंटनच्या कृतीतला मूलक. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो. दोघांची सोय लागली की पूड पुन्हा पूर्ववत, पुढच्या प्रकाशकणासाठी मोकळी. म्हणून ती उत्प्रेरक. खर्च होतो तो प्रकाश आणि ऑक्सिजन.

पण बहुतेक वेळा असे होत नाही. वर गेलेला इलेक्ट्रॉन कुणाची भेट होण्याआधीच विवरात परत पडतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते. ही या पद्धतीतली खरी गळती आहे. ती कमी करण्यासाठी कण शक्य तितके बारीक करतात, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि विवर यांना पृष्ठभाग जवळ पडतो. संशोधनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'पी-२५' नावाच्या पुडीच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर भरतो, जवळजवळ आपल्या वर्गखोलीच्या जमिनीएवढा.

गच्चीवरच्या चार बशा

हा प्रयोग आम्ही स्वतः केला, आणि पहिल्या खेपेला तो फसला. आम्ही रंगाच्या दुकानातून पांढरी पूड आणली होती. दिवसभर उन्हात ठेवूनही निळा रंग, पूड नसलेल्या बशीतल्या इतकाच, किंचित उतरला. नंतर कारण लक्षात आले. भिंतीची पूड हाताला लागू नये म्हणून रंगाचे उत्पादक टायटॅनियमच्या कणांवर सिलिका आणि ॲल्युमिनाचे पातळ वेष्टण चढवतात. आम्ही मुद्दाम निष्क्रिय केलेला उत्प्रेरक वापरत होतो! तेव्हा प्रयोगशाळेसाठी मिळणारे साधे टायटॅनियम डायऑक्साइड घ्या, किंवा झिंक ऑक्साइड घ्या. झिंक ऑक्साइड स्वस्त आहे, त्याचीही ऊर्जेची दरी जवळपास तेवढीच आहे आणि उन्हात ते चांगले चालते.

मिथिलीन ब्लूचे लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम एवढे विरल द्रावण करा. काचेच्या चार उथळ बशांत ते सारखे ओता. दोन बशांत अर्धा चहाचा चमचा पूड घाला. पुडीची एक आणि बिनपुडीची एक बशी उन्हात ठेवा. उरलेल्या दोन अंधारात, खोक्याखाली. दर पंधरा मिनिटांनी चारही ढवळा. बशा उथळच हव्यात: हवेतला ऑक्सिजन सतत मिळाला पाहिजे, हे मघाच्या गणिताने सांगितलेच आहे.

चार बशा कशासाठी, हे मुलांना आधी विचारा. बिनपुडीचा रंगही उन्हात थोडा उडतो, म्हणून एक. अंधारातल्या पुडीवर थोडा रंग नुसता चिकटून बसतो, म्हणून दुसरी. इथे अनेकांची फसगत होते. पाणी फिकट झाले, पण तळाची पूड निळी झाली, तर ते जाळणे नव्हे, हलवणे. उन्हातल्या बशीत पाणी आणि पूड दोन्ही पांढरी झाली तरच काही घडले म्हणायचे. मग पाणी अलगद ओतून काढा आणि त्याच पुडीवर नवे निळे द्रावण घाला. दुसऱ्या दिवशीही ती काम करते का? उत्प्रेरक या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून देण्यापेक्षा हे बरे. (पूड नाल्यात ओतू नका, वाळवून ठेवा. आणि हे पाणी कुणी प्यायचे नाही, कितीही नितळ दिसले तरी.)

मग सगळीकडे हे का नाही?

१९७२ नंतर या विषयावर हजारो शोधनिबंध निघाले. जपानमध्ये या पुडीचा लेप दिलेल्या फरशा आणि काचा बाजारात आल्या, त्या उन्हाने आपोआप स्वच्छ होतात. पाण्याच्या शुद्धीकरणात मात्र तिचा शिरकाव मर्यादितच राहिला. आमच्या मते यात पुडीचा दोष कमी आणि आपल्या अपेक्षांचा जास्त आहे.

पृथ्वीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेपैकी अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. त्यातला मोठा वाटा मघाशी सांगितलेल्या गळतीत जातो. शिवाय इतकी बारीक पूड पाण्यातून परत मिळवणे अवघड. ती काचेवर किंवा वाळूवर चिकटवली तर पृष्ठभाग घटतो आणि वेग मंदावतो. गढूळ किंवा गडद पाण्यात प्रकाश आत शिरतच नाही. कारखान्याच्या नळातून थेट बाहेर पडणारे शाईसारखे पाणी या पद्धतीच्या आवाक्यातले नाही.

आणखी एक अडचण आपल्याकडच्या पाण्याची आहे. दख्खनच्या काळ्या खडकातल्या अनेक विहिरींचे पाणी जड असते, त्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. हायड्रॉक्सिल मूलक समोर येईल त्यावर तुटून पडतो असे आपण म्हटले. तो बायकार्बोनेटवरही पडतो आणि तिथेच संपतो. ऊर्ध्वपातित पाण्यात दिमाखाने चालणारा प्रयोग विहिरीच्या पाण्यात अडखळतो. चार बशांऐवजी सहा करून हेही पाहता येईल.

आणि काही प्रदूषकांपुढे हा मार्ग बंदच आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोराइड हा आयन आहे, शिसे आणि आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत. मूलद्रव्य जाळता येत नाही. फार तर त्याचे रूप बदलते: अधिक विषारी षट्संयुजी क्रोमियमचे कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमियम या पुडीवर होऊ शकते. पण शेवटी तो धातू पाण्यातून उचलून कुठेतरी ठेवावाच लागतो. तिथे 'हलवणे' हाच इलाज, आणि मग तो कुठे ठेवला याचा हिशेब देणे आले.

मग जमते कुठे? प्रदूषक थोडा, पण चिवट आणि विषारी, पाणी बऱ्यापैकी नितळ, ऊन भरपूर. दक्षिण स्पेनमधील अल्मेरिया प्रांतात हे तिन्ही जुळून आले. तिथे प्लास्टिकच्या छपराखालची शेती मैलोन्मैल पसरली आहे आणि तीत कीटकनाशके वापरली जातात. त्यांचे रिकामे डबे पुनर्वापरासाठी धुतले की त्या धुवणात कीटकनाशकांचे अंश उतरतात. हे पाणी सरळ जीवाणूंच्या टाकीत सोडले तर जीवाणूच मरतील. जवळच तबेर्नासच्या वाळवंटी भागात सौरऊर्जेचे मोठे संशोधन केंद्र आहे. तिथल्या अभ्यासाच्या आधारे २००० नंतरच्या दशकात अशा धुवणासाठी एक संयंत्र उभे राहिले. वक्र आरशांच्या पन्हळीत काचेच्या नळ्या, नळ्यांतून फिरणारे पाणी, वर ऊन. गंमत म्हणजे टायटॅनियमवर इतके काम होऊनही तिथे निवड झाली ती लोह आणि पेरॉक्साइडची, म्हणजे फेंटनच्या जुन्या कृतीची, उन्हाच्या जोडीने. लोहाचे विद्राव्य क्षार अतिनीलच नव्हे तर दृश्य प्रकाशाचाही काही भाग वापरतात. पेरॉक्साइडचा खर्च होतो, पण वेळ वाचतो.

अशा पाण्यातला शेवटचा रेणू उन्हाने जाळत बसण्याची गरजही नसते. विषारी रेणू इतका मोडायचा की उरलेले तुकडे, फॉर्मिक आणि ऑक्झॅलिक आम्लासारखे, जीवाणूंना खाता येतील. पुढचे काम त्यांच्यावर सोपवायचे. ते स्वस्तात करतात. कुठे थांबायचे हे मात्र पाण्याचा रंग पाहून ठरत नाही. पाण्यात कार्बन किती उरला हे मोजावे लागते.

शाळेत कार्बन मोजण्याचे यंत्र नाही, पण त्याची एक ढोबळ चाचणी करता येते. उन्हातल्या बशीतले पाणी गाळून एका परीक्षानळीत घ्या, दुसऱ्यात तेवढेच साधे पाणी आणि तिसऱ्यात मूळ निळे द्रावण. तिन्हींत सौम्य सल्फ्युरिक आम्ल सारखेच घाला आणि नळ्या गरम पाण्यात उभ्या करा. आता पोटॅशियम परमँगनेटचे अगदी विरल द्रावण थेंबाथेंबाने टाका. फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोजा. जितका सेंद्रिय पदार्थ जास्त, तितके थेंब जास्त. (हिराकसाच्या प्रयोगातल्या पाण्याला ही चाचणी लावू नका, उरलेले पेरॉक्साइडच परमँगनेट खाऊन टाकते आणि आकडा फसवा येतो.)

आमच्या गच्चीवर झिंक ऑक्साइडच्या बशीतला निळा रंग पहिल्या दिवशी दुपारीच गेला होता. थेंब मात्र साध्या पाण्यापेक्षा बरेच जास्त लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बशी उन्हात ठेवली, तेव्हा कुठे दोन्ही नळ्यांचे आकडे जवळ आले. प्रदर्शनातल्या त्या दुसऱ्या बरणीला ही चाचणी आम्ही लावली नव्हती. यंदा परीक्षक म्हणून जाताना परमँगनेटची एक कुपी खिशात ठेवणार आहोत, आणि ब्लीचिंग पावडरीतला उरलेला क्लोरिन या चाचणीत कसा गोंधळ घालील, याचा विचार त्याआधी करून ठेवावा लागणार आहे.